उशिरा उमटलेली रेघ

मी एक जुनी चाचणीची पट्टी आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर वय फार नाही; पण आमच्या जातीत एकदा वापरलं की म्हातारपण आलंच. सध्या माझा मुक्काम केसरबाईंच्या कापडी पिशवीत, एका पारदर्शक पाकिटात आहे. पाकिटाच्या तोंडाला लाल दोऱ्याची गाठ मारलेली आहे. तो दोरा तिथे कसा आला, तेच मला आज तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो. गोष्ट जेमतेम आठवडाभराची आहे, पण तेवढ्यात मी एक घर मोडायला निघाले होते. मुद्दाम नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या खरेपणावर कोणी शंका घेतली की मला फार राग येतो.

माझा जन्म एका थंडगार आणि अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला घडवलं. माझं अंग पांढऱ्या प्लास्टिकचं, एका टोकाला मऊ बोळा आणि मधे छोटीशी खिडकी. खिडकीच्या कडेला दोन अक्षरं, सी आणि टी. सीपाशी रेघ उमटली की समजायचं, मी ठीक काम करते आहे. टीपाशीही उमटली तर समजायचं, या माणसाच्या शरीरात एचआयव्हीचा माग लागतो आहे. त्याने सरकारी केंद्रात जाऊन पक्की तपासणी करून घ्यावी. सीपाशी काहीच दिसलं नाही तर मीच बिघडलेली. एवढीच माझी भाषा.

माझं काम अगदी सोपं. बोळा वरच्या आणि खालच्या हिरड्यांवरून एकेकदा फिरवायचा, सोबतच्या बाटलीतल्या द्रावणात मला उभं करायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. सुई नाही, रक्त नाही, रांग नाही. मात्र वीस मिनिटांच्या आधी मला वाचू नये, आणि चाळीस मिनिटांनंतर तर मुळीच वाचू नये. नंतर मी सुकत जाते आणि सुकताना माझ्या अंगावर भलतीच रेघही उमटू शकते. तिला काही अर्थ नसतो. माझ्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर हे घड्याळाच्या चित्रासकट छापलेलं होतं. पण कागद वाचतो कोण?

खोक्यांच्या गठ्ठ्यातून मी सिल्वासाला एका संस्थेकडे आले आणि तिथून केसरबाईंच्या पिशवीत. केसरबाई त्या संस्थेच्या कार्यकर्त्या. पन्नाशीच्या आसपास वय, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. संध्याकाळी पाळी सुटली की त्या शहराजवळच्या सायली गावातल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी उभ्या राहायच्या. गावाकडून आलेल्या कामगारांशी त्यांच्या बायकोपोरांबद्दल, भाड्याबद्दल बोलता बोलता हळूच या आजाराचा विषय काढायच्या.

एका सोमवारी तिथे वाल्मिक आला. तीस-बत्तीस वर्षांचा, शहाद्याकडचा, नीटनेटका माणूस. दोनदा चहाच्या गाडीभोवती फिरला. शेवटी म्हणाला, “ताई, ते घरच्या घरी तपासायचं मिळतं म्हणे. एका दोस्ताला पाहिजे.”

केसरबाईंनी दोस्ताचं नाव विचारलं नाही, वाल्मिकचं नाव आणि फोन नंबर तेवढा लिहून घेतला. मला त्याच्या हातात ठेवलं आणि सांगू लागल्या. “आधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. तंबाखू पण नाही. वीस मिनिटांनी बघायचं, आणि हे बघा भाऊ, नंतर…” तेवढ्यात कंपनीच्या बसने हॉर्न मारला. वाल्मिकने मला डब्याच्या पिशवीत कोंबलं आणि तो धावला. “कागदावर सगळं लिहिलंय!” केसरबाई मागून ओरडल्या.

त्याला भीती कशाची होती, ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. लग्नाआधी दोन वर्षं तो सायलीत सहा जणांच्या खोलीत राहत असे. त्यातल्या काळूला आता हा आजार निघाल्याची बातमी गावाकडून आली होती. त्या दोन वर्षांत काय घडलं होतं ते वाल्मिकला ठाऊक. मी विचारत नाही, मित्रांनो. कोणालाच कधी विचारत नाही. लोकांनीही हा गुण माझ्याकडून घ्यायला हरकत नाही.

पुढचे दोन दिवस मी त्याच्या डब्याच्या पिशवीत पडून होते आणि पिशवी त्याच्या कामाच्या जागी खुंटीला टांगलेली असायची. त्यामुळे त्याचं काम मला जवळून पाहता आलं. कारखाना सुताचा. तयार सूत चांगलं की खराब, हे ठरवणारा माणूस म्हणजे वाल्मिक. तो सुताच्या प्रत्येक रिळातला थोडा धागा घेऊन छोट्या यंत्रावर त्याचा मोजा विणायचा, मोजा रंगात बुडवायचा, सुकवायचा आणि ट्यूबलाइटखाली ताणून धरायचा. धाग्यात खोट असली की मोज्यावर पुसट रेघ दिसते. दुसऱ्या कोणाला न दिसणारी रेघ वाल्मिकला दिसायची. त्याच्या डोळ्यांचं कारखानाभर नाव होतं.

बुधवारी सुपरवायझर सुकदेव घाईघाईने आले. “वाल्मिक, ट्रक उभा आहे बाहेर. रेघ-बिघ काही दिसत नाही यावर. पास करून टाक ना!”

“ओला आहे साहेब,” वाल्मिक म्हणाला. “ओल्यावर रेघ दिसतच नाही. सुकल्यावर उठून येते. ओला माल मी पास करत नाही.”

सुकदेव पाय आपटत गेले. अर्ध्या तासाने मोजा सुकला आणि त्यावर खरोखरच बारीकशी रेघ निघाली. ट्रक रिकामा परत गेला. मला त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं. याच्या हातात मी सुरक्षित आहे, असं मी स्वतःशी म्हटलं. ते किती चुकीचं होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

गुरुवारी पहाटे टोकरखाडा वस्तीतल्या त्याच्या खोलीत मी पहिल्यांदा खोक्याबाहेर आले. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, भिंतीला भांड्यांची फळी. फळीवर लग्नात आलेले चार एकसारखे स्टीलचे ग्लास. बायको सोनी चार वर्षांच्या ममताला घेऊन खालच्या नळावर पाण्याला गेली होती. जाताना तिने चहा पुढे केला तर त्याने नको म्हटलं, म्हणून थोडी रुसूनच गेली होती.

वाल्मिकने काम अगदी चोख केलं. बोळा हिरड्यांवरून फिरवला, मला बाटलीत उभं केलं, मोबाइलवर वेळ लावली. मग उकिडवा बसून माझ्याकडे बघत राहिला. पाच मिनिटांनी माझ्या अंगात ओल चढू लागली. दहाव्या मिनिटाला सीपाशी रेघ आली, ठसठशीत. टीपाशी काही नाही. पंधराव्या मिनिटाला जिन्यात सोनीची पावलं वाजली. त्याने मला बाटलीसकट झटकन उचलून फळीवर, तिखटाच्या डब्याआड ठेवलं. वीस मिनिटं झाल्यावर डबा शोधायच्या निमित्ताने फळीपाशी आला आणि त्याने मला पाहिलं.

एकच रेघ. मी माझ्या आयुष्यातलं एकमेव वाक्य बोलले होते आणि ते खरं होतं. तुला काही नाही, वाल्मिक. जा, चहा पी, पोरीला उचलून घे.

त्याने मला बाटलीतून काढून उजेडाकडे कलतं केलं, डोळे बारीक केले आणि पुटपुटला, “अजून ओली आहे.”

आणि मला परत डब्याआड ठेवून तो बस पकडायला निघून गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. अरे बाबा, तुझा मोजा वेगळा आणि मी वेगळी! पण मला तोंड नाही, फक्त एक खिडकी आहे.

दिवसभर मी त्या फळीवर सुकत राहिले. दुपारी पत्रा तापला. अंगातली ओल आटत गेली आणि साधारण तीनच्या सुमाराला मला टीपाशी काहीतरी खेचल्यासारखं झालं. मी जीव तोडून ते थोपवायला पाहिलं. पण थोपवणं काही माझ्या हातात नव्हतं. रेघ आलीच, अगदी पुसट. शंभरांतल्या नव्वद जणांना ती दिसलीही नसती.

वाल्मिक रात्रपाळीवाल्यांना जागा देऊन सातनंतर घरी आला. हात धुतले आणि सोनीची पाठ वळताच मला उचललं. त्याच्या त्या नावाजलेल्या डोळ्यांना रेघ लगेच सापडली. तो मटकन खाली बसला. सोनीने “काय व्हयनं?” असं विचारलं, तर म्हणाला, “चक्कर आली जराशी.” ममता नेहमीसारखी त्याच्या पाठीवर चढायला आली. त्याने तिला हळूच, पण लांब सारलं.

त्या घरात एक लाडाची रीत होती. बाप कामावरून आला की चहा प्यायचा आणि शेवटचा घोट ममताचा. ती ग्लासात नाक घालून तो सुर्रकन प्यायची. त्या संध्याकाळी वाल्मिकने ग्लास पूर्ण रिकामा केला. पोर ग्लासाच्या तळाकडे बघत राहिली आणि मग तिने भोकाड पसरलं. मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू.

शुक्रवारी त्याने कारखान्यातून लाल रंगात बुडवलेल्या सुताचा एक तुकडा आणला आणि चारांपैकी एका ग्लासाच्या काठाखाली बांधला. “घशाला इन्फेक्शन आहे,” तो सोनीला म्हणाला. “हा ग्लास माझा. दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही. ममताला तर अजिबात देऊ नको.” ताटही वेगळं झालं, टॉवेलही. आणि अंथरूण गेलं दाराजवळ. शनिवारी त्याने दोन तिकिटं आणून ठेवली, रविवारी दुपारी दीडच्या शहाद्याच्या बसची. सोनीचं आणि ममताचं.

“माले कसाले धाडतस गावले?” सोनीने विचारलं. “सण नई, लगीन नई. माझं काही चुकलं का?”

“तुझं काही नाही. थोडे दिवस राहा आईकडे.”

“थोडे म्हणजे किती?”

तो पिशवीची गाठ आवळू लागला. परत आणायचं त्याच्या मनातच नव्हतं, हे मी फळीवरून पाहत होते. त्याने कपाटातले सोनीचे सगळे कपडे पिशवीत भरले होते, हिवाळ्याचे स्वेटरसुद्धा. सोनीलाही ते दिसलं होतं. ती रडली नाही. नुसती चपात्या लाटत राहिली, गरज नसताना, एकावर एक.

रविवारी अकराच्या सुमाराला दार वाजलं. दारात केसरबाई! वाल्मिक तीन दिवस फोन उचलत नव्हता, म्हणून पत्ता काढत आल्या होत्या. पण सोनीसमोर त्यांनी तसं काही दाखवलं नाही. “बायकांच्या मीटिंगचं सांगायला फिरते आहे,” म्हणाल्या आणि भरलेल्या पिशव्यांकडे नजर टाकून भिंतीला टेकून बसल्या. सोनीने दीडच्या गाडीने गावी निघाल्याचं सांगितलं. वाल्मिकचा चेहरा पडला होता.

सोनी उदास असली तरी पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडणारी नव्हती. दोन ग्लास प्रवासाच्या पिशवीत गेले होते, एक ममताच्या हातात होता. फळीवर उरला होता दोरा बांधलेला. नवऱ्याच्या इन्फेक्शनवर तिचा विश्वास उरलाच नव्हता. तिने तोच ग्लास विसळला, चहा ओतला आणि केसरबाईंच्या पुढे केला.

“तो नको!” वाल्मिक ओरडला. “ताई, तो माझा आहे. खाली ठेवा तो!”

केसरबाईंनी दोऱ्याकडे पाहिलं, वाल्मिककडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांनी ग्लास ओठाला लावला. एक घोट, मग दुसरा.

“सोनी, दार लोटून घे बाई,” त्या म्हणाल्या. “वाल्मिकभाऊ, गोष्ट तुमची आहे. तुम्ही म्हणाल तर मी आता उठून जाते. मी माझ्या तोंडाने काही सांगणार नाही. पण गाडी दीडची आहे ना?”

वाल्मिक उठला. तिखटाचा डबा बाजूला करून त्याने मला काढलं आणि सोनीच्या समोर जमिनीवर ठेवलं. मग भिंतीकडे तोंड करून काळूची बातमी, माझी चाचणी, दोन रेघा, सगळं सांगून टाकलं.

सोनी माझ्याकडे बघत होती. इतकं निरखून मला कोणीच कधी बघितलं नव्हतं. “म्हणून आमले गावले धाडत व्हतात?” ती शेवटी म्हणाली. “आम्हाला विचारलं पण नाही? मी कोण शे मग तुमची?”

केसरबाईंनी मला उचलून खिडकीपाशी नेलं. “भाऊ, लावली किती वाजता? आणि ही दुसरी रेघ बघितली किती वाजता?”

“लावली सकाळी सहाला. वीस मिनिटांनी बघितली तेव्हा एकच होती. पण ताई, ओली होती. संध्याकाळी सातनंतर सुकलेली बघितली तर दोन.”

“तेरा तासांनी?”

“कारखान्यात सुताचा मोजा ओला असताना मी पास करत नाही. मग ही कशी करणार?”

केसरबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. “अरे देवा! हा मोजा नाही रे बाबा. चाळीस मिनिटांनंतर ही बघायचीच नसते. नंतर आलेल्या रेघेला कोणी विचारत नाही. माझंही चुकलं. बसने हॉर्न मारला आणि मी तुम्हाला अर्धवट सांगून सोडलं.”

“म्हणजे मला नाही?” वाल्मिक पुढे सरकला.

“ते मी सांगू शकत नाही आणि ही पट्टीही आता सांगू शकत नाही. उद्या सकाळी सरकारी केंद्रात जाऊ. फुकट आहे, नाव कुठे बाहेर जात नाही. आणि समजा निघालंच, तर रोजच्या गोळ्या आहेत. माणूस कामाला जातो, संसार करतो. ग्लासातून, ताटातून, पोराला कडेवर घेतल्याने हा आजार होत नाही. मला विचारा. अकरा वर्षं झाली मला गोळ्या घ्यायला.”

हे शेवटचं त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. सोनीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिची नजर त्यांच्या हातातल्या ग्लासाकडे गेली आणि तिथेच अडकली.

दीडची गाडी निघून गेली. सोनीने पिशव्या सोडल्या नाहीत, पण गेलीही नाही. “आधी उद्या होऊ द्या,” एवढंच म्हणाली. केसरबाई गेल्यावर तिने तो ग्लास राखेने तीन वेळा घासला. फळीवर ठेवायला हात उचलला, आणि मधेच थांबून तो मोरीच्या कडेला, एकटाच पालथा घातला. दोरा तसाच होता.

सोमवारी वाल्मिकने मला शर्टाच्या खिशात ठेवून केंद्रात नेलं. सोनी, ममता आणि केसरबाई बरोबर होत्या. तिथल्या समुपदेशक शैलजा मॅडमनी मला हातात धरलं आणि लगेच बाजूला ठेवलं. “ही उशिरा वाचलेली आहे, हिचं काही धरायचं नाही,” म्हणाल्या. मला वाईट वाटलं. पण त्यांचं बरोबर होतं. भीती वाटते ती गोष्ट किती जुनी आहे ते त्यांनी आधी विचारलं, चाचणीत काय काय निघू शकतं ते समजावलं, मगच रक्त घेतलं. सोनीने न सांगता आपलाही हात पुढे केला.

मग थांबणं आलं. वीस मिनिटं थांबायला लावणारी मी, पण स्वतः थांबणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. वाल्मिकने मला परत खिशात ठेवलं होतं आणि त्याची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती. सोनी दाराकडे बघत होती. ममता पंख्याची पाती मोजत होती, तीनच्या पुढे तिला येत नव्हतं. दोघांच्या मधे बाकावर एका माणसाची जागा रिकामी होती.

आत बोलावलं. आधी वाल्मिकला, मग सोनीला. शैलजा मॅडमनी कागद पुढे केला. दोघांनाही काही नव्हतं.

वाल्मिक बाहेर आला तो हसतच. मोठमोठ्याने, वेड्यासारखा. ममताला उचलून त्याने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “पास! ताई, पास!” तो केसरबाईंना सांगायला धावला. केसरबाई शेजारच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात त्यांचं स्वतःचं जुनं, कोपरे झिजलेलं कार्ड होतं आणि खिडकीतला माणूस त्यांच्या महिन्याच्या गोळ्यांच्या बाटल्या पुढे सरकवत होता. वाल्मिकचं हसू तोंडातच राहिलं.

“हसा की,” केसरबाई म्हणाल्या. “चांगली बातमी आहे.” आणि बाटल्या पिशवीत टाकून त्यांनी ममताच्या डोक्यावरून हात फिरवला.

सगळे मिळून खोलीवर आले. सोनीने सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, पिशव्या सोडल्या, ग्लास परत फळीवर मांडले. तीन. चौथा अजून मोरीच्या कडेला पालथा होता. माझ्या मनात आलं, आता वाल्मिकला तर काही नाही, मग हा ग्लास तिथे का?

चहा झाला. सोनीने दोन ग्लास भरले. मग खाली वाकून मोरीजवळचा दोऱ्याचा ग्लास उचलला, त्यात चहा ओतला आणि केसरबाईंकडे निघाली. तिची नजर जमिनीवर होती. ती बाई वाईट नव्हती, मित्रांनो. ती घाबरलेली होती. आदल्या दिवशी ऐकलेलं तिच्या कानांनी मानलं होतं, पण हातांनी अजून मानलं नव्हतं.

केसरबाईंनी पाहिलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी हात पुढे केला. तो हात इतका सवयीने पुढे आला, की मला खिशात बसून रडू आलं. असे किती वेगळे ग्लास आजवर त्या हाताने घेतले असतील!

“थांब,” वाल्मिक म्हणाला.

त्याने मधेच तो ग्लास सोनीच्या हातातून काढून घेतला. कारखान्यात सूत तोडतो तसा दातांनी दोरा तोडला. मग चहा प्यायला, सावकाश, आणि तळाला एक घोट ठेवला. ममता नेहमीच्या जागी येऊन उभी होती. तीन दिवस तिला नकार मिळाला होता, म्हणून या वेळी हात न पसरता नुसती बघत होती.

वाल्मिकने ग्लास पोरीला दिला नाही. त्याने सोनीकडे पाहिलं आणि ग्लास सोनीपुढे धरला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी मिनिटं मोजणाऱ्या घराण्यातली, पण तेव्हा माझी मोजणी चुकली. सोनीने पदराला हात पुसले. मग तिने ग्लास घेतला, खाली बसली आणि आपल्या हाताने ममताच्या तोंडाला लावला. पोरीने नाक घालून सुर्रकन घोट घेतला.

“ताई, चुकनं मनं,” सोनी म्हणाली आणि तिने आधी भरलेल्या दोन ग्लासांपैकी एक त्यांच्यापुढे ठेवला.

“चहा निवतोय तुझा. बस इथे माझ्याजवळ,” केसरबाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला मागून घेतलं. नियमाने खरं तर मी कचऱ्यात जायला हवं होतं. पण त्यांनी मला पाकिटात बंद केलं आणि वाल्मिकने तो जमिनीवर पडलेला लाल दोरा उचलून पाकिटाला बांधला. तेव्हापासून मी कारखान्यांच्या फाटकांबाहेर हिंडते. केसरबाई कामगारांना मला दाखवतात आणि कोणाचंही नाव न घेता माझी गोष्ट सांगतात. बसचा हॉर्न वाजला तरी आता त्या वाक्य पुरं केल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. मीही कोणाच्या भीतीवर हसत नाही. आपल्यामुळे एक पोर तीन संध्याकाळ रडली, हे मी विसरलेली नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. माझ्या बहिणी कधी तुमच्या हाती आल्या तर त्यांना वेळेवर वाचा आणि आधी कागद वाचा. वेळेत आलेली रेघ पुसट असली तरी तिला रेघच समजा आणि लगेच केंद्रात जा. घाबरून एकट्याने कोणताही निर्णय घेऊ नका, जवळच्या माणसाला सांगा. आणि ज्याच्या पट्टीवर दुसरी रेघ खरीच आली, त्याला काय झालं, कसं झालं, असं विचारत बसू नका. त्याला गोळ्यांची आठवण करून द्या आणि आपल्या पंगतीत घ्या.

माझ्या अंगावरची ती खोटी रेघ अजून आहे, ती काही जायची नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी केसरबाई मला पिशवीत घेऊन टोकरखाड्याला जातात. सोनी चार ग्लास मांडते, चहा ओतते, ममता मधे लुडबुड करते. मी पाकिटातून त्या ग्लासांकडे निरखून बघत असते. मागच्या रविवारी तर वाल्मिकनेही एकेक ग्लास उजेडाकडे धरून पाहिला. पण त्यातला दोऱ्याचा कोणता होता, हे त्याच्या डोळ्यांनाही आता ओळखता येत नाही.